पाण्याची पाळी आणि ओताकीतली खाट: सिंधच्या खेड्यात वेळ कसा वाटला जातो

महाराष्ट्रात सिंधी माणूस म्हटलं की उल्हासनगर आठवतं, पिंपरी कॅम्प आठवतो, नागपूरचा जरीपटका किंवा कोल्हापूरजवळचं गांधीनगर आठवतं. दुकान, पेढी, कापडाचा व्यापार. फाळणीनंतर सिंध सोडून इकडे आलेली बहुतेक कुटुंबं शहरांतली आणि कसब्यांतली होती. जमीन कसणारा सिंधी तिकडेच राहिला. त्यात मुस्लीम हारी म्हणजे कुळं होती, तसेच थरच्या वाळवंटी भागातले कोल्ही, भील, मेघवाड हे हिंदू समाजही होते. हा खेड्यातला सिंधी आपल्या ओळखीचा कधी झालाच नाही. २०२३ च्या पाकिस्तानी जनगणनेत सिंधची लोकसंख्या साडेपाच कोटींच्या वर गेली. त्यातले सुमारे ४६ टक्के लोक खेड्यात राहतात, म्हणजे अडीच कोटी माणसं.

ही माणसं कामाला किती वेळ देतात आणि माणसांत मिसळायला किती, हा प्रश्न वरवर साधा आहे. सकाळी शेत, संध्याकाळी गप्पा, असं उत्तर कुणीही देईल. पण त्या उत्तरानं हाती काही लागत नाही. इंग्रजांच्या काळात सिंधमध्ये आलेल्या अधिकाऱ्यांनी इथल्या शेतकऱ्याला सरसकट आळशी ठरवलं होतं. भर दिवसा पुरुष खाटेवर पडलेले दिसतात, कुणी आलं की हातातलं काम टाकून तासन् तास बोलत बसतात, हा त्यांचा आक्षेप. त्यांनी पाहिलं ते खरंच होतं, पण त्याचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला.

आधी ऊन समजून घ्यायला हवं. उत्तर सिंधमधलं जेकबाबाद हे जगातल्या सर्वात तापणाऱ्या शहरांपैकी एक. मोहेंजोदडोला २६ मे २०१० रोजी ५३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. अशा प्रदेशात मे-जूनमध्ये दुपारी शेतात उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून काम पहाटेच्या अंधारात सुरू होतं, दहा-अकराच्या सुमारास थांबतं आणि ऊन कललं की पुन्हा धरलं जातं. मधले चार-पाच तास सावलीत काढावेच लागतात. दुपारी दोनला घोड्यावरून गावात शिरलेल्या साहेबाला झोपलेले पुरुष दिसणारच. पहाटे चारला नांगर जुंपणारे तेच पुरुष त्याला दिसले नाहीत, कारण तेव्हा तो स्वतः झोपेत होता.

वेळ मोजणारा कालवा

सिंधमध्ये पाऊस जेमतेम पडतो. थर सोडला तर जवळजवळ सगळी शेती सिंधू नदीच्या कालव्यांवर. सक्करचं धरण १९३२ मध्ये सुरू झालं, तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता आणि धरणाला नाव दिलं होतं मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचं. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ मध्ये. पुढे १९५५ मध्ये कोटरीचं आणि १९६२ मध्ये गुड्डूचं धरण आलं. या तीन धरणांनी सिंधच्या शेतीचा नकाशा बदलला, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. गावातल्या माणसाचं दिवसाचं आणि रात्रीचं गणितही त्यांनी बदललं, ते मात्र कुणी फारसं सांगत नाही.

कालव्यातून फाटा निघतो, फाट्यातून मोघा नावाच्या तोंडातून चारी निघते आणि त्या चारीवरच्या शेतकऱ्यांनी पाणी आपसांत वाटून घ्यायचं असतं. या वाटणीला वाराबंदी म्हणतात. आठवड्याचे १६८ तास जमिनीच्या प्रमाणात वाटले जातात आणि ज्याची पाळी असेल त्यानं चारीतलं सगळं पाणी आपल्या शेतात वळवायचं. समजा एका चारीवर ३०० एकर जमीन आहे. १६८ तासांची झाली १०,०८० मिनिटं, म्हणजे एकराला साडेतेहतीस मिनिटं. आठ एकर कसणाऱ्या कुटुंबाला आठवड्यातून एकदा सुमारे साडेचार तास पाणी. हे साडेचार तास चुकले की पुढच्या आठवड्यापर्यंत हात चोळत बसायचं. पाणी साठवून ठेवता येत नाही. ज्याची पाळी मंगळवारी रात्री एकला येते त्याचा आठवडा मंगळवारच्या रात्रीभोवती फिरतो. फावडं आणि बॅटरी घेऊन तो बांधावर जातो, वरच्या शेतकऱ्याचा बांध बंद झालाय का ते बघतो, कुठे उंदराच्या बिळातून पाणी फुटतंय का ते बघतो. पहाटे साडेपाचला घरी येतो आणि झोपतो. सकाळी नऊला तो खाटेवर दिसला तर आश्चर्य कसलं?

कागदावरची वाराबंदी अशी सुटसुटीत आहे. सिंधमध्ये ती पंजाबइतकी काटेकोर कधीच नव्हती. चारीच्या डोक्याशी ज्याची जमीन त्याला पाणी भरपूर, शेवटी ज्याची जमीन त्याच्या वाट्याला ओली माती. बदीन आणि ठट्टा जिल्ह्यांतल्या कालव्यांच्या टोकाकडच्या शेतकऱ्यांची ही पिढ्यानुपिढ्यांची तक्रार आहे. त्यात मोठा जमीनदार, ज्याला वडेरा म्हणतात, तो डोक्याशी असेल आणि पाटबंधारे खात्यात त्याचा शब्द चालत असेल, तर खालच्यांची पाळी कधी येईल ते घड्याळ सांगू शकत नाही. मग खालच्या शेतकऱ्याला वाट बघावी लागते. वाट बघण्यात गेलेला वेळ कामात धरायचा की रिकामा? तो झोपू शकत नाही, गावाला जाऊ शकत नाही, दुसरीकडे मजुरीला जाऊ शकत नाही. चारीच्या काठावर आणखी दोघं-तिघं असेच बसलेले असतात आणि ते बोलत बसतात. लांबून पाहणाऱ्याला हा गप्पांचा फड वाटतो.

माणसांत मिसळण्याला इथे काय किंमत आहे, तेही पाण्यातच दिसतं. घरात लग्न आहे आणि पाळी नेमकी त्याच रात्री आली, तर शेजाऱ्याशी अदलाबदल करतात: या आठवड्यात माझं पाणी तू घे, पुढच्या आठवड्यात तुझं मला दे. याचा कुठे कागद होत नाही. तो शेजारी तुमच्या आजारपणात येऊन गेलेला असतो, तुम्ही त्याच्या बापाच्या मातीला गेलेले असता, म्हणून हा व्यवहार जमतो. ज्याचं कुणाकडे जाणं-येणं नाही, त्याच्याशी पाळी कोण बदलणार?

तीन पंचांगं

दिवसाची वाटणी पाण्याची, तर वर्षाची वाटणी पिकाची. सिंधच्या शेतकऱ्याचं वर्ष आपल्यासारखंच खरीप-रब्बीचं. चेट, वेसाख, जेठ, आखाड असे महिने जुनी माणसं अजून मोजतात. नोव्हेंबरात गहू पेरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये कापतात, पंजाबच्या आधी. दक्षिणेकडे सांघड, मीरपूरखास, बदीन या पट्ट्यात कापसाची वेचणी उन्हाळा सरता सरता सुरू होते आणि पुढे काही महिने चालते. उत्तरेकडे लाडकाणा, शिकारपूर, जेकबाबाद हा भाताचा मुलूख. तिथे जून-जुलैत लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. खैरपूरला जुलैत खजूर उतरवतात. कुनरीला मिरची असते. नोव्हेंबरनंतर उसाचे गाळप हंगाम सुरू होतात.

त्यामुळे 'सिंधचा शेतकरी अमुक महिन्यात मोकळा असतो' असं सरसकट म्हणता येत नाही. सिंधूच्या उजव्या तीरावरच्या राइस कॅनॉलला फक्त खरिपात पाणी असतं. भात निघालं की त्या भागात जमिनीतल्या ओलीवर वाटाणा, हरभरा असं काही घेतात, पण मोठं काम संपलेलं असतं. तिथला हिवाळा लांबलचक आणि मोकळा, म्हणून लग्नंही तेव्हा आणि कराचीला मजुरीसाठी जाणंही तेव्हाच. डाव्या तीरावर सक्करचे बारमाही कालवे आहेत. तिथे एक पीक निघण्याआधी दुसऱ्याची घाई असते. जानेवारीत सक्करचे कालवे दुरुस्तीसाठी साधारण पंधरवडाभर बंद ठेवतात, तेवढाच काय तो सगळ्यांना मिळणारा श्वास. त्यातही चारीतला गाळ काढायचं काम असतंच. ज्यांची जमीन त्या चारीवर, त्या सगळ्यांनी फावडी घेऊन यायचं, असा रिवाज आहे.

दुसरं पंचांग चंद्राचं. सिंधीचे थोर सूफी कवी शाह अब्दुल लतीफ भिटाई यांचा उरूस भिटशाहला हिजरी सफर महिन्याच्या १४ तारखेला भरतो आणि तीन दिवस चालतो. सेहवणचा लाल शाहबाज कलंदर यांचा उरूस शाबानच्या १८ ला, सचल सरमस्त यांचा दराजा गावी रमजानच्या १३ ला; हे दोघेही सूफी संत. हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून हे उरूस दर वर्षी मागे सरकत जातात आणि जवळपास ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. २००७ मध्ये भिटाईंचा उरूस मार्चमध्ये, गहू पिवळा पडायच्या दिवसांत आला होता. २०२४ आणि २०२५ मध्ये तो ऑगस्टात आला, म्हणजे भात शेतात उभं आणि दक्षिणेत कापूस वेचायला आलेला. रमजानचंही तसंच. २०२३ आणि २०२४ मध्ये गव्हाची कापणी बरोबर रोज्यांत आली. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि हातात विळा. तेव्हा लोक सहेरी म्हणजे रोज्याआधीचं पहाटेचं जेवण उरकून उजाडायच्या आधी शेतात उतरतात आणि ऊन चढायच्या आत जमेल तेवढं कापून मोकळे होतात.

शेतीचं पंचांग सूर्याचं, श्रद्धेचं पंचांग चंद्राचं. ही दोन कधी जुळतात, कधी एकमेकांच्या आड येतात. ज्या वर्षी उरूस मोकळ्या महिन्यात येतो त्या वर्षी आख्खी गावं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघतात. मल्हाखडा बघतात, ही कमरेला कापड बांधून खेळायची सिंधी कुस्ती. रात्रभर फकिरांकडून शाहचं काव्य ऐकतात. नवस फेडतात, सोयरिकी जुळवतात, बैल बघतात. ज्या वर्षी उरूस ऐन सुगीत येतो त्या वर्षी घरटी एकदोघं जातात आणि बाकीचे शेतात थांबतात.

तिसरं पंचांग भिंतीवरचं, इंग्रजी महिन्यांचं. शाळा, सरकारी खाती, कालव्याच्या बंदीच्या तारखा, साखर कारखाने आणि शहरातली नोकरी त्यावर चालते. कराचीच्या कापड गिरणीत गेलेला मुलगा या तिसऱ्या पंचांगात राहतो. बहिणीचं लग्न ठरवताना बापाला पीक बघावं लागतं, चंद्र बघावा लागतो आणि मुलाची रजाही बघावी लागते.

ओताक

आता त्या खाटेकडे वळू. सिंधी खेड्यात पुरुषांच्या बसण्याची जागा घरापासून वेगळी असते, तिला ओताक म्हणतात. गरिबाची ओताक म्हणजे एखादं छप्पर किंवा झाडाखालची दोन खाटा टाकलेली जागा; वडेऱ्याची ओताक म्हणजे पंखे, गाद्या आणि पाहुण्यांसाठी खोल्या असलेली पक्की इमारत. खाटेवर रल्ली म्हणजे गोधडी अंथरलेली असते, कोपऱ्यात पाण्याचा माठ. हल्ली सौर पॅनलची एक तार आत आलेली असते आणि तिच्या टोकाला चार मोबाईल लटकलेले. संध्याकाळी इथे जी बैठक जमते ती कचहरी.

पाहुणा आला की त्याला आधी बसवतात, पाणी देतात आणि मग 'हाल-अहवाल' सुरू होतो. खुशाल आहात? घरचे, मुलंबाळं, जनावरं ठीक? वाटेत काय दिसलं? हे दोन-चार शब्दांत उरकत नाही. येणारा माणूस आपल्या भागाची बातमी क्रमानं सांगतो: कुणाचा कालवा कोरडा पडलाय, फुटीचा म्हणजे सरकीसकट कापसाचा भाव तालुक्याला काय चाललाय, कोण वारलं, कुठल्या दोन घराण्यांत वाकडं आलंय, कुठला रस्ता रात्री टाळावा. ऐकणारे मधे प्रश्न विचारतात. ज्या गावात वर्तमानपत्र येत नव्हतं आणि अनेकांना वाचता येत नव्हतं, तिथे बातमी अशीच पोचायची. पीक विकायचं की थांबायचं, हा निर्णय या बैठकीतून होत असे आणि बऱ्याच ठिकाणी आजही होतो. कचहरीत गाणी होतात, कोडी होतात, भिटाईंच्या ओळी म्हटल्या जातात, हसणंखिदळणं चालतं. पण कचहरीत रोज बसणारा माणूस त्याच वेळी शेतीचंही काम करत असतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिथल्या दिवसाचा हिशेब लागत नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे माती आणि तडो. गावात किंवा नात्यात कुणी वारलं की चटया अंथरतात. तोच तडो. निदान तीन दिवस तिथे लोक येत राहतात, हात उचलून दुआ मागतात, थोडा वेळ बसतात, जातात. चूल शेजारी सांभाळतात. या तडोला जाणं ऐच्छिक नसतं. गहू उभा असला तरी विळा ठेवून जावं लागतं. लांबच्या गावी जायचं तर आख्खा दिवस मोडतो. न गेलेल्याचं नाव लक्षात राहतं. लग्न, बाळंतपण, आजारपण, कुणी तुरुंगातून सुटून आलं, कुणी हजहून आलं, या सगळ्यांना जाणं हे देणं समजलं जातं.

हा सगळा वेळ वाया जातो, असं हिशेबी माणसाला वाटेल. पण भूमिहीन हारीला बँक कर्ज देत नाही. दवाखाना तालुक्याला, तिथे न्यायला गाडी कुणाकडे तरी मागावी लागते. पोलिसांत नाव आलं तर शब्द टाकणारा कुणीतरी लागतो. गव्हाच्या कापणीला माणसं कमी पडली तर वंगार घालावी लागते. वंगार म्हणजे शेजारपाजारच्यांनी मजुरी न घेता एक दिवस येऊन काम उरकून द्यायचं आणि ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं. आपल्याकडे इर्जिक असते, अगदी तशीच. तडोला गेलेले दिवस इथे परत मिळतात. गरिबाचा विमा हाच, आणि त्याचा हप्ता वेळेत भरावा लागतो. सिंधी खेडूत गप्पांत वेळ घालवतो असं म्हणणाऱ्यांनी त्याच्या जागी दुसरी कुठली सोय आहे, ते आधी सांगावं.

वेळ कुणाच्या मालकीचा?

इथपर्यंतचं चित्र गोड वाटेल, म्हणून पुढचं सांगणं भाग आहे. सिंधच्या खेड्यात सगळ्यांचा वेळ सारखा नाही.

सिंधमधली बरीच जमीन मोठ्या जमीनदारांकडे आहे आणि ती हारी कसतात. पीक बटाईनं वाटलं जातं, सर्वसाधारणपणे निम्मं-निम्मं. बी, खत, औषध याची उचल आधीच हारीच्या नावावर चढलेली असते आणि हंगामाच्या शेवटी हिशेब वडेऱ्याचा कारभारी, म्हणजे कामदार, लिहितो. हारीला बहुधा वाचता येत नाही. देणं उरतंच, पुढच्या वर्षावर जातं. ज्याच्यावर असं कर्ज आहे तो गाव सोडू शकत नाही, दुसरीकडे मजुरीला जाऊ शकत नाही, लेकीच्या लग्नासाठी उचल मागावी लागते म्हणून लग्नाची तारीखही विचारून ठरवावी लागते. वडेऱ्याच्या घरी काही कार्य असेल तर पाणी भरायला, लाकडं फोडायला हारी हवा. हीच बेगार.

या विरोधात १९३० पासून हारी कमिटी उभी राहिली. हैदर बख्श जतोई सरकारी नोकरी सोडून तिचं नेतृत्व करायला आले आणि त्यांच्या लढ्याच्या दबावाखाली १९५० चा सिंध कूळ कायदा झाला. वेठबिगारी रद्द करणारा सिंधचा स्वतंत्र कायदा २०१५ मध्ये आला. तरीही सिंधमधल्या हैदराबाद आणि कोटरीच्या आसपास जमीनदारांच्या तावडीतून सुटलेल्या हारींच्या वस्त्या आहेत, त्यात कोल्ही आणि भील कुटुंबं फार. त्यांना आपला वेळ आपण वापरण्याचा हक्क मिळाला तो असं पळून येऊन किंवा कोर्टाच्या आदेशानं सुटून.

ओताकीतही हे दिसतं. खाटेवर कोण, खाटेच्या पायथ्याशी कोण आणि जमिनीवर कोण, हे सगळ्यांना न सांगता ठाऊक असतं. कोल्ही किंवा भील माणसाचा चहाचा कप अनेक ठिकाणी अजून वेगळा ठेवतात. वडेऱ्याच्या ओताकीत भांडणांचा फैसला चालतो तेव्हा दोन्हीकडची माणसं दिवसभर ताटकळतात, त्या दिवसाची मजुरी बुडते. उत्तर सिंधमध्ये, शिकारपूर, कश्मोर, घोटकी या भागांत टोळ्यांमधली वैरं पेटली की सगळंच थांबतं. शत्रूच्या शेताजवळून वाट जात असेल तर पुरुष बाहेर पडत नाहीत, पाणी द्यायलासुद्धा नाही, आणि पोरांची शाळा बंद पडते.

बायकांचा दिवस

बाईला ओताक नाही. तिचा दिवस पहाटे म्हशीची धार काढण्यापासून सुरू होतो. मग चूल, मग मुलं, मग वैरण. बरसीमचा भारा कापून डोक्यावर आणायचा, जनावरांना घालायचा, शेण काढायचं, गोवऱ्या थापायच्या. हातपंपावरून पाणी. हे झालं की शेत. कापसाची वेचणी सिंधमध्ये जवळजवळ सगळी बायकांच्याच हातची. पोटाशी किंवा पाठीवर कापडाची झोळी बांधतात आणि एकेक बोंड रिकामं करत ओळीनं पुढे सरकतात. बोंडाची वाळलेली टोकं बोटांत घुसतात, फवारलेलं औषध कातडीवर बसतं. संध्याकाळी काटा होतो. मजुरी मणावर, आणि काटा बहुधा पुरुषाच्या हातात असतो. घरी येऊन पुन्हा धार, पुन्हा चूल. जनावराला सुट्टी नसते, म्हणून कालवा बंद असो की ईद असो, बाईलाही नसते.

मग ती माणसांत कधी मिसळते? वेचणीच्या ओळीत. हातपंपाच्या रांगेत. लग्नाआधीच्या रात्री लाडे म्हणजे लग्नगीतं गाताना. तडोच्या घरात, आतल्या बाजूला. दर्ग्यावर नवस बोलायला जाताना. आणि रल्ली शिवताना.

रल्लीबद्दल थोडं सांगायलाच हवं. जुने सुती कपडे धुऊन, फाडून, रंगवून त्यांचे तुकडे करतात. चौकोन, त्रिकोण किंवा घडी घालून कापलेली नक्षी वरच्या थरावर जोडतात. खाली जुन्या कापडाचे थर घालतात. मग अंगणात चटई पसरून त्यावर हे सगळं ताणून अंथरतात आणि दोन-तीन बायका सुई-दोरा घेऊन कडेनं बसतात. सरळ धावदोऱ्याच्या रांगा, एकीला समांतर दुसरी. थोरल्या बाईचं लक्ष टाक्यांवर असतं. नव्या सुनेचा टाका लांब पडला तर ती उसवायला लावते. याच बैठकीत कुणाच्या मुलीला स्थळ बघायचं, कुणाचं बाळ बाळसं धरत नाही, कुणाला नवरा मारतो, हे बोललं जातं. रल्ली मुलीच्या रुखवतात जाते, पाहुण्याच्या खाटेवर अंथरली जाते, अडचणीत विकलीही जाते. हा वेळ कामाचा म्हणायचा की गप्पांचा?

वेळेचा हिशेब करणाऱ्यांपुढेही ही अडचण असते. पाकिस्तानात २००७ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण झालं, म्हणजे माणसं दिवसाचे २४ तास कशात घालवतात याची नोंद. अशा नोंदवहीत एका वेळेपुढे मोजकीच कामं मावतात. सिंधी बाई मात्र मांडीवर मूल, चुलीवर डाळ, हातात सुई आणि समोर शेजारीण अशी बसलेली असते. नोंदवहीत यातलं थोडंच येतं, उरलेलं निसटतं. तिला 'मोकळा वेळ किती' असं विचारलं तर ती 'अजिबात नाही' म्हणेल, आणि ते खरंच आहे.

थरमध्ये पुन्हा वेगळं. तिथे कालवा नाही, पावसावर सगळं. पाऊस पडला तर थर, नाही तर उजाड माळ, अशी म्हणच आहे. पाऊस चुकला की कुटुंबंच्या कुटुंबं जनावरांसह कालव्याच्या पट्ट्यात उतरतात, गहू कापतात, कापूस वेचतात आणि पावसाची बातमी आली की परत फिरतात. बाजरी आणि गवार पेरायला. बायकांचे कित्येक तास खोल विहिरींवरून पाणी आणण्यात जातात.

आता काय बदलतंय

मोटरसायकल आणि मोबाईल या दोन गोष्टींनी खेड्याचा वेळ सर्वात जास्त हलवला. पूर्वी तडोला पायी किंवा बसनं जाऊन यायला दिवस लागायचा, आता माणूस दुपारपर्यंत परत येतो. पण त्यामुळे बोलावणी वाढली. जवळ आहे म्हटल्यावर न जाण्याला कारण उरत नाही. तरुण पोरं ओताकीऐवजी हमरस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात बसतात, तिथे टीव्ही असतो आणि जमिनीवर बसवणारं कुणी नसतं. गव्हाला यंत्र आलं तिथे कापणीचे दिवस कमी झाले. पुरुषांना थोडी उसंत मिळाली, पण कापणीच्या बदल्यात मिळणारं वर्षाचं धान्यही त्याबरोबर गेलं. कापूस अजून हातानंच वेचला जातो.

२०२२ च्या पुरात सिंधचा मोठा भाग महिनोन्महिने पाण्याखाली होता. कापूस गेला, भात गेलं, गव्हाची पेरणी अनेक ठिकाणी लांबली. बंधाऱ्यांवर तंबूत राहणाऱ्या पुरुषांना अचानक काहीच काम उरलं नाही. बायकांचं काम मात्र तसंच राहिलं: पाणी, चूल, आजारी मूल, वाचलेली म्हैस.

गरीब कुटुंबांना रोख मदत देणारा सरकारी बेनझीर इन्कम सपोर्ट प्रोग्रॅम २००८ मध्ये सुरू झाला आणि त्याचे पैसे बाईच्या नावे येऊ लागले. ते घ्यायला तिला स्वतः तालुक्याच्या गावी जावं लागतं, रांगेत तासन् तास उभं राहावं लागतं. हा वेळ तिच्या दिवसात नव्यानं आला आहे. त्याच रांगेत तिला दुसऱ्या गावच्या बायका भेटतात, हेही नवीन.

२०१९ मध्ये सिंध विधानसभेनं शेतात काम करणाऱ्या स्त्रियांसाठी कायदा केला. शेतमजूर बाईच्या कामाचा दिवस आठ तासांपेक्षा मोठा नसावा, काम उजाडल्यावर तासाभरानं सुरू व्हावं आणि सूर्य मावळण्याच्या तासभर आधी थांबावं, असं त्यात लिहिलं आहे. बाळंतपणाची रजा आहे, मुलाला पाजायला वेळ आहे, लेखी करार मागायचा हक्क आहे. सिंधच्या बाईच्या वेळेला मर्यादा घालून देणारा हा कागद मला फार मोलाचा वाटतो. पण त्यात मोजले जातात ते शेतातले तास. सूर्य मावळायच्या तासभर आधी वेचणी थांबली तरी काटा व्हायचा असतो, बरसीमचा भारा कापायचा असतो, आणि त्या तासात म्हैस हंबरायला लागलेली असते.